समुद्री कल्चर मोती: थर कसा चढतो आणि पारखताना क्रम कुठे चुकतो

मोत्यांचा सर किंवा कुड्या घेताना बहुतेक जण आधी मोत्याचे माप पाहतात, मग तो किती गोल आहे ते, मग रंग, आणि शेवटी भाव विचारतात. हा क्रम उलटा आहे. समुद्री कल्चर मोत्याची, म्हणजे कालवात मणी घालून समुद्रात वाढवलेल्या मोत्याची, किंमत बाहेरून चढलेल्या थरावर अवलंबून असते आणि थर नुसत्या नजरेला सहज दिसत नाही. मापाचा मोठा वाटा तर आत घातलेल्या मण्याचा असतो. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा सोडून पुढे गेलात, तर पुढच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

हे लिखाण गोव्यात पणजी, म्हापसा, मडगावच्या शेटांकडे, म्हणजे सोनारांकडे, किंवा किनाऱ्यावरच्या दुकानांत मोती घेणाऱ्यांसाठी आहे. दागिना मोडायचा, नव्याने ओवायचा किंवा वाटणीसाठी त्याची किंमत काढायची असेल, तरी क्रम हाच.

टप्पा १: घरून निघण्याआधीची तयारी

पाच वस्तू सोबत घ्या.

- दहापट मोठे दाखवणारे भिंग. सोनार डोळ्याला लावतात तसले. काचेचे असावे, प्लास्टिकचे नको.
- मि.मी. दाखवणारा व्हर्नियर कॅलिपर. प्लास्टिकच्या जबड्याचा घ्या, स्टीलच्या जबड्याने मोत्याला ओरखडा जातो.
- बारीक, तीव्र झोताची बॅटरी. मोबाइलची बत्ती चालते, पण तिचा प्रकाश पसरतो.
- दोन रुमाल, एक पांढरा आणि एक काळा. दोन्ही बिनचमकीच्या सुती कापडाचे.
- घरातला एक खात्रीचा मोती. खरेपणाची खात्री असेल तर तुलनेला तो सगळ्यात उपयोगी पडतो.

मोती कशासाठी हवा हे आधी ठरवा. नथीच्या मोत्याला आरपार भोक लागते, कारण तो तारेत ओवतात. अंगठीच्या किंवा कानातल्या खड्यासारख्या मोत्याला अर्धेच भोक पाडून तो सोन्याच्या खुंटीवर चिकटवतात. सरात जुळणी महत्त्वाची असते, अंगठीत ती लागतच नाही, पण तिथे मोती सारखा आपटतो म्हणून थर जाड हवा. नथीचा मोती डोळ्यासमोर असतो, तिथे आब, म्हणजे मोत्याची चमक, आधी. गरज ठरलेली नसेल तर दुकानदार त्याच्याकडे जे आहे तीच तुमची गरज असल्याचे पटवून देतो.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनची. पावसाळ्यातला ढगाळ दिवस रंग पाहायला उत्तम, कारण उजेड पसरलेला आणि पांढरा असतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मळकट मोतीही मलईदार दिसतो. मोती दारापाशी नेऊन पाहू द्यायला कोणी तयार नसेल, तर तिथे थांबू नका.

खबरदारी: त्या दिवशी गडद लाल किंवा पिवळा कपडा घालू नका. मोती आजूबाजूचा रंग उचलतो आणि तुम्ही तुमचीच साडी पारखत बसता.

टप्पा २: थर कसा चढतो ते समजून घ्या

हा टप्पा घरी वाचायचा आहे, पण तो टाळू नका. पुढची प्रत्येक तपासणी यातूनच निघते.

*२.१ कालव मोठे करणे.* अळ्या हॅचरीत तयार करतात किंवा समुद्रात जाळी सोडून पिल्ले गोळा करतात. अळी सुमारे तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग कशाला तरी चिकटून बसते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ साली तुतिकोरिनला भारतात पहिल्यांदा कल्चर मोती काढले, ते पिंक्टाडा फुकाटा या कालवातून. जपानचा अकोया मोतीही याच जातीच्या कुळातला. शस्त्रक्रियेला घ्यायचे फुकाटा कालव साधारण २० ग्रॅमच्या वर असावे लागते आणि तेवढे व्हायला दीड-दोन वर्षे जातात. लहान कालवात मणी घातला तर ते मरते, जगलेच तर मणी बाहेर टाकते.

*२.२ कालव सुस्त करणे.* थेट समुद्रातून काढलेल्या जोमदार कालवाचे स्नायू आवळलेले असतात आणि ते चिरेला जोराने प्रतिसाद देते. म्हणून काही दिवस दाटीवाटीने, कमी अन्नावर ठेवून त्याची चयापचय मंदावतात. भारतीय पद्धतीत पाण्यावर मेंथॉलचे स्फटिक टाकतात, तासाभरात शिंपला सैल उघडतो. मग मध्ये पाचर बसवतात. जबरदस्तीने शिंपला उघडला तर स्नायू फाटतो, आणि ते कालव हातातून गेलेच समजा.

*२.३ ऊतीचा तुकडा आणि मणी.* लोक समजतात की वाळूचा कण घातला की मोती होतो. तसे नाही. लागतात दोन गोष्टी: एक मणी, आणि दुसऱ्या निरोगी कालवाच्या प्रावाराचा, म्हणजे शिंपला बनवणाऱ्या पडद्याचा, दोन-तीन मि.मी.चा चौकोनी तुकडा. मणी गोड्या पाण्यातल्या जाड शिंपल्यांतून, बहुतेक अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या शिंपल्यांतून, कापून घासून गोल केलेला असतो. हे शिंपले जाड आणि पांढरे असतात, आणि त्यांची घनता मोत्याच्या थराशी जुळते, म्हणून भोक पाडताना मोती फुटत नाही.

कारागीर पायाच्या बुडाशी बारीक चीर देऊन जननग्रंथीपर्यंत बोगदा करतो, तुकडा आणि मणी आत सारतो. तुकड्याची बाहेरची बाजू, म्हणजे शिंपल्याकडची, मण्याला चिकटलीच पाहिजे. त्या बाजूच्या पेशी पसरून मण्याभोवती पिशवी बनवतात आणि तीच पिशवी थर सोडते. तुकडा उलटा लागला किंवा मण्यापासून सरकला, तर वर्षभराने मणी आहे तसाच कोरा बाहेर येतो. मणी पिशवीबाहेर सटकला आणि तुकडा एकटाच राहिला, तर बिनमण्याचा वेडावाकडा केशी मोती होतो. केशी पूर्ण थराचा असतो, म्हणून चमकतोही जास्त. चीर मोठी झाली तर मणी सटकतो, हात किंवा हत्यार अस्वच्छ असले तर कालव सडते.

*२.४ वाढ.* काही दिवस शांत पाण्यात आराम, मग जाळीच्या पिंजऱ्यात तराफ्याखाली किंवा लांब दोरीवर. खरे काम इथेच चालते: दर काही आठवड्यांनी शिंपल्यावरचे बार्नॅकल, शेवाळ, स्पंज, भोके पाडणारे किडे खरडून काढणे. न काढल्यास कालवाला अन्न पुरत नाही आणि थर मंदावतो. खेकडे आणि ऑक्टोपस वेगळेच. वादळ आले की दोऱ्या खोल सोडतात. अकोयात थर साधारण आठ महिने ते दोन वर्षे चढतो, दक्षिण समुद्राच्या मोत्यांत (ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचे ‘साउथ सी’ मोती) दोन ते तीन वर्षे. पैशाची घाई झालेला शेतकरी आठ महिन्यांतच काढतो. तोच मोती पुढे दुकानात तुमच्यासमोर येतो.

*२.५ काढणी.* जपानमध्ये अकोयाची काढणी हिवाळ्यात करतात. उबदार पाण्यात थर भराभर चढतो पण खडबडीत, थंड पाण्यात सावकाश पण तलम. वरचे शेवटचे पापुद्रे तलम असले की आरशासारखी झळाळी येते. थर अरॅगोनाइट या चुन्याच्या खनिजाच्या, अर्ध्या मायक्रॉनहून पातळ चकत्यांचा असतो, त्या जितक्या सारख्या तितकी आब जास्त. अकोया कालव सहसा एकाच मोत्याला संपते. पिंक्टाडा मॅक्सिमासारख्या मोठ्या कालवात पुन्हा मणी घालता येतो.

*२.६ काढणीनंतर.* धुणे, घासणे, वर्गवारी, भोक पाडणे. अकोयाला बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवतात आणि कधी हलकी गुलाबी झाक देतात. व्यापारात हे चालते, पण सांगायला हवे. दक्षिण समुद्राच्या चांगल्या मोत्यांवर सहसा असले काही करत नाहीत. काळा अकोया रंगवलेला किंवा किरणोत्साराने काळा केलेला असतो, कारण फुकाटा काळा मोती देत नाही.

आपल्या खाडीत करता येईल का? खाजनवाल्यांकडून, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनींच्या मालकांकडून, हा प्रश्न नेहमी येतो. समुद्री मोत्यासाठी उत्तर नाही असेच आहे. फुकाटाला वर्षभर दर हजारी ३० ते ३५ क्षारता लागते. जुवारी आणि मांडवीत पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोट येतो, क्षारता कोसळते, गाळ वाढतो, आणि मानसाआडच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेआडच्या, खाजनात तर हेलकावे आणखी मोठे. चिखलीच्या खाडीतली कागदासारखी पातळ खिडकीची शिंपली वेगळी जात आहे. जुन्या घरांच्या तावदानांत ती दिसते, तिचे मोती दागिन्याच्या उपयोगाचे नसतात, आणि तिला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, ती गोळा करायची नाही. ‘गोव्याच्या समुद्रातले मोती’ म्हणून किनाऱ्यावर जे विकतात, ते कुठले आहेत एवढे विचारा आणि ऐकत राहा. गोड्या पाण्यातली शेती हा निराळा धंदा आहे, त्याची गणिते इथे लागू होत नाहीत.

टप्पा ३: जात आधी ठरवा

जात ठरल्याशिवाय थर कमी की जास्त, हे ठरत नाही.

अकोया: साधारण ३ ते १० मि.मी., बाजारात ६ ते ८ चे जास्त. बहुतेक गोल, पांढरा किंवा मलई, गुलाबी अथवा हिरवट झाक. थर पातळ, चांगल्यात ०.३५ ते ०.५ मि.मी. जपान, चीन, व्हिएतनाममधून येतो.

दक्षिण समुद्र: पिंक्टाडा मॅक्सिमा. ऑस्ट्रेलियाकडचा पांढरा-चंदेरी, फिलिपाइन्स-इंडोनेशियाकडचा सोनेरी. साधारण ८ ते १६ मि.मी., थर २ मि.मी. आणि त्याहून जाड. चमक आरशासारखी नसून साटीनसारखी.

ताहिती: पिंक्टाडा मार्गारिटिफेरा, फ्रेंच पॉलिनेशियातला. करडा, हिरवा, मोरपंखी, वांगी. साधारण ८ ते १४ मि.मी. गोल मिळतो तसा कंकणासारख्या वळ्या असलेलाही.

गोड्या पाण्यातला: बहुतेकदा बिनमण्याचा, पूर्ण थराचा, पण समुद्री नव्हे. एडिसन नावाने विकला जाणारा मण्याचा गोडा मोती दक्षिण समुद्राच्या मोत्यासारखा दिसतो आणि त्याच नावाने खपवलाही जातो.

‘बसरा’ हा शब्द कानावर आला की थांबा. बसरा म्हणजे इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती, ज्यात कोणी मणी घातलेला नसतो. त्याची किंमत वजनाच्या वर्गाच्या (वजन गुणिले वजन) हिशेबाने ठरते, जुने मोतीवाले ‘चव’ काढतात ती यासाठीच. कल्चर मोत्याला चव लावून किंमत सांगणारा एक तर गोंधळलेला आहे किंवा तुम्हाला गोंधळात टाकतो आहे. कल्चर मोती मि.मी. आणि दर्जावर विकतात, घाऊक व्यवहारात मोमेवर. एक मोमे म्हणजे ३.७५ ग्रॅम.

तपासा: दुकानदाराने जात स्पष्ट सांगितली का? नुसते ‘प्युअर मोती’, ‘ओरिजिनल’, ‘जपान क्वालिटी’ हे उत्तर नाही.

टप्पा ४: मोती आहे की मणी

आधी सोपे, मग अवघड.

१. दोन मोती एकमेकांवर हळूच घासा. खऱ्याच्या पृष्ठभागावर अरॅगोनाइटच्या पापुद्र्यांच्या कडा असतात, म्हणून बारीक खर जाणवते. काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत घसरतो. दातावर घासण्याचीही चाल आहे, पण दुकानात नव्या मोत्यावर ती करू नका, आणि जोर लावला तर ओरखडा राहतो.

२. वजन. ७ ते ७.५ मि.मी.चा सोळा इंची अकोया सर, सुमारे ५५ मोत्यांचा, अंदाजे ३० ग्रॅम भरतो. त्याच मापाचा प्लास्टिकचा सर १२ ग्रॅमच्या आसपास. काचेचे वजन खऱ्याच्या जवळ जाते, त्यामुळे ही चाचणी फक्त प्लास्टिक पकडते.

३. भिंगातून पृष्ठभाग. खऱ्यावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या बारीक रेघा दिसतात. नकलीवर दाणेदार रंग, भोकाजवळ सोललेले पापुद्रे.

४. सराकडे दुरून पहा. सगळे मोती तंतोतंत सारखे असतील, एकही ठिपका नसेल आणि भाव परवडणारा असेल, तर तो शंकेचा मोठा मुद्दा समजा.

‘शेल पर्ल’ म्हणजे शिंपल्याच्या मण्यावर रंगीत लेप. नावात शिंपला आहे, मोती नाही. ‘मायोर्का’ही घडवलेलाच. पैसे त्या हिशेबाने द्यायला हरकत नाही.

खबरदारी: तापलेली सुई, लिंबू, व्हिनेगर यांनी तपासायचे व्हिडिओ फिरतात. मोती चुनखडीचा असतो, आम्लात विरघळतो. अशा तपासणीत खरा मोती खरा ठरेपर्यंत कामातून जातो.

ही तपासणी नकली मोती बाहेर काढते, नैसर्गिक आणि कल्चर यांत फरक करत नाही. तो फरक क्ष-किरणांशिवाय खात्रीने होत नाही. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळा हे काम करतात. गोड्या-खाऱ्याचा वादही तिथेच मिटतो.

टप्पा ५: थराची जाडी

इथे घाई नको. दुकानात घालवायचा निम्मा वेळ इथेच घालवा.

आधी एक हिशेब. ७ मि.मी.च्या अकोयात ६.३ मि.मी.चा मणी असेल, तर सर्व बाजूंनी थर ०.३५ मि.मी. आणि एकूण घनफळात थराचा वाटा सुमारे २७ टक्के. तोच ७ मि.मी. ६.७ च्या मण्यावर घडवला, तर थर ०.१५ आणि वाटा सुमारे १२ टक्के. दोन्ही कॅलिपरवर ७ दाखवतात. दुसरीकडे ८ मि.मी.च्या मण्यावर २ मि.मी. थर चढलेला १२ मि.मी.चा दक्षिण समुद्राचा मोती ७० टक्के थराचा असतो. म्हणून मोठा म्हणजे महाग हे गणित अकोयात फसवे ठरते. तिथे मोठ्या मापासाठी पैसे देताना तुम्ही बहुधा मोठ्या मण्याचे पैसे देत असता.

५.१ भोकात पहा. सर सैल करून मोती थोडे बाजूला सारा, भिंग लावा, भोकाच्या कडेवर तिरका उजेड पाडा. मणी आणि थर यांच्यामध्ये बारीक गडद रेघ दिसते, तिच्या बाहेर थर. भोकाच्या मापाशी तुलना करा: सराचे भोक साधारण ०.७ ते १ मि.मी. असते. थर भोकाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी दिसला, तर पातळ. सराच्या पाच-सहा ठिकाणी पहा, पुढचे चांगले ठेवून मागचे पातळ घालायची पद्धत आहे.

५.२ उजेडापुढे फिरवा. बॅटरीचा झोत मोत्यामागून सोडा, बोटाने हळू फिरवा. मण्याच्या शिंपल्याचे पट्टे आतून डोकावले आणि मोती फिरताना उघडझाप करू लागला, तर थर पातळ. जाड थरात नुसता मंद, सारखा प्रकाश दिसतो. भोक नसलेल्या मोत्याला हाच मार्ग.

५.३ सोलणे. भोकाच्या काठाला पापुद्रा उचललेला, चुरा पडलेला, किंवा खडूसारखा मळकट पांढरा ठिपका दिसला, तर थर उतरू लागला आहे. हे दुरुस्त होत नाही. घामट हवेत असा मोती काही वर्षांत मण्यापर्यंत उघडा पडतो.

तपासा: थर पातळ ठरला तर इथेच थांबा. पुढच्या टप्प्यांत गोलाई आणि रंग अव्वल निघाला, तरी निर्णय बदलू नका.

टप्पा ६: आब

जात आणि थर ठरल्यावर आब, म्हणजे पाणी, हाच एकटा गुण किमतीला सगळ्यात जास्त ढकलतो. मोती काळ्या रुमालावर ठेवा आणि त्यात उजेडाच्या स्रोताचे प्रतिबिंब पहा. बत्तीची किंवा खिडकीची कडा सुस्पष्ट दिसली, तर अव्वल. कडा धूसर, पण आकार ओळखता येतो, तर मध्यम. नुसता पांढरट डाग, तर खालचा. अकोयाला कडक माप लावा. दक्षिण समुद्राला थोडी सूट द्या, त्याच्या साटीन चमकेत कडा नैसर्गिकपणे मऊ असते.

मोती उलटसुलट फिरवून प्रत्येक बाजू पहा. एका बाजूला आरसा आणि दुसऱ्या बाजूला राख असलेले मोती सरात चमकती बाजू वर करून ओवतात, आणि गळ्यात घातले की ते फिरतात.

जाड थर असूनही आब मंद असू शकते, उबदार पाण्यात भराभर वाढलेल्यात असे होते. पातळ थराचा मोती पॉलिशने काही काळ चमकवता येतो. म्हणूनच टप्पा ५ आधी.

टप्पा ७: पृष्ठभाग, आकार, रंग

पृष्ठभागावर खळगे, फुगवटे, वळ्या असतातच. भोकाच्या जवळ आहेत की मध्यावर, एवढेच पहा. जाणता कारागीर भोक डागावरच पाडतो, ती लबाडी नाही. भेग मात्र कुठेही असली तरी मोती सोडा.

आकार तपासायला मोती सपाट काचेवर सोडा. गोल असेल तर सरळ घरंगळतो, नसेल तर वाकडा जातो. थेंबासारखा कानातल्यांना, चपटा कुड्यांना शोभतो, आणि हे आकार गोलापेक्षा स्वस्त पडतात. सोन्याच्या बैठकीत बसणाऱ्या मोत्यासाठी पूर्ण गोलाईचे पैसे का द्यावेत?

रंगात मूळ रंग वेगळा आणि वरची झाक वेगळी. पांढऱ्या रुमालावर पहा. रंगवलेल्या मोत्यात रंग भोकाच्या काठावर आणि खळग्यांत साचतो, कधी दोराही रंगतो. गडद सोनेरी आणि काळ्या मोत्यांत ही तपासणी सोडू नका.

टप्पा ८: माप, जुळणी आणि भाव

प्रत्येक मोती दोन दिशांनी मोजा. ‘७-७.५’ याचा अर्थ सगळे त्या दरम्यान. मधला ७.५ आणि टोकाचे ६ असतील तर तो उतरत्या मापाचा सर आहे, त्याचा भाव कमी असतो.

जुळणीसाठी सर पांढऱ्या रुमालावर सरळ पसरा आणि डोळे अर्धे मिटून पहा. वेगळा पडणारा मोती लगेच ठळक होतो. जोडासाठी दोन्ही मोती एकाच उजेडात शेजारी ठेवून दोघांना एकाच वेळी अर्धे फिरवा.

भाव ठरवताना क्रम असा: जात, थर, आब, माप, पृष्ठभाग, आकार, रंग, शेवटी जुळणी. माप चौथे आहे, आणि ते सरळ रेषेत वाढत नाही. अकोयात आठच्या पुढे प्रत्येक अर्ध्या मि.मी.ला भाव मोठी उडी घेतो, कारण फुकाटा कालव लहान असते आणि मोठा मणी सोसत नाही. म्हणून साडेसातचा अव्वल आबेचा सर, साडेआठच्या मध्यम सरापेक्षा जास्त शहाणपणाचा.

‘एए’, ‘एएए’ या खुणांना एकसमान प्रमाण नाही, प्रत्येक विक्रेता आपापली लावतो. जपानच्या पर्ल सायन्स लॅबोरेटरीच्या हानादामा (अव्वल दर्जाचा अकोया) दाखल्याला तेवढे मोल आहे, त्यात थराची जाडीही तपासलेली असते. पण दाखला त्याच सराचा आहे का, फोटोतले मोती मोजून पहा.

जुना भाव आठवून वाद घालू नका. जपानमध्ये २०१९ पासून कालवाची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली, आणि २०२३ च्या सुमारास अकोयाचे भाव झपाट्याने चढले.

टप्पा ९: बिल

सोन्याच्या दागिन्यात इथे हटकून चूक होते. समजा, कुड्यांच्या जोडात ५ मि.मी.चे १४ मोती आहेत. त्यांचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. दागिना मोत्यांसकट तोलून सगळ्यावर सोन्याचा भाव लावला, तर तुम्ही अडीच ग्रॅम मोती सोन्याच्या भावाने घेतलेत, आणि वर मोत्यांचे पैसे वेगळे लागले ते निराळेच. म्हणून बिलावर या गोष्टी सुट्या लिहून घ्या: एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, मोत्यांची संख्या, जात, माप, ‘कल्चर’ हा शब्द, रंगवले-उजळवले असल्यास तसा उल्लेख, घडणावळ, जीएसटी. मोत्यांवर आणि दागिन्यावर तो ३ टक्के आहे.

हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, मोत्याबद्दल काहीच नाही. ‘हॉलमार्कवाला मोती’ असे काही नसते.

मोड घालताना मोत्याची किंमत धरत नाहीत, हे आधीच विचारून घ्या. बहुतेक शेट मोती काढून परत देतात. दिलेले मोती घरी आणून मोजा.

टप्पा १०: ओवणे आणि वापर

मोत्यांचा सर नायलॉनवर ओवू नका. रेशमी दोरा घ्या, भोकात दुहेरी जाईल एवढ्या जाडीचा. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून घ्या: तुटला तर एकच मोती सुटतो, आणि मोती मोत्याला घासत नाही. गाठ मोत्याच्या कडेला टेकलेली हवी. मध्ये दोरा दिसत असेल, तर पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घ्या. गाठींमुळे सर थोडा लांबतो, म्हणून सोळा इंची मोजला तो सतरा भरला तर दचकू नका. नेहमीच्या वापरात दर एक-दोन वर्षांनी दोरा बदला. भोकाजवळ तो काळा पडला, की वेळ झाली समजा.

गोव्याच्या घामात दोऱ्याला आणि थराला दोघांनाही त्रास. अत्तर, हेअर स्प्रे, सनस्क्रीन आधी, मोती शेवटी. काढताना मऊ ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने. पोहायला जाताना काढा, तलावातले क्लोरीन मोत्याला समुद्राच्या पाण्यापेक्षा वाईट. अल्ट्रासॉनिक मशिनात, चिंचेच्या पाण्यात, टूथपेस्टने मोती धुऊ नका. सोन्याबरोबर एका डबीत टाकू नका, मोत्याची कठीणता २.५ ते ४.५, खडे आणि सोन्याच्या कडा त्याला सहज ओरबाडतात. पावसाळ्यात प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत ठेवले तर आत ओल साचते आणि रेशमाला बुरशी लागते. सुती कापडात गुंडाळा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर उघड्यावर ठेवा, मात्र उन्हात नको. सर आडवा ठेवा. खुंटीवर लटकत ठेवला, तर रेशीम ताणून गाठींत फटी पडतात. ओला झालेला सर फडक्यावर पसरून वाळवा आणि दोरा पूर्ण कोरडा होईपर्यंत गळ्यात घालू नका. ओल्या रेशमावर वजन पडले की तो हमखास लांबतो.